चमचाभर साखरेवर अख्खा दिवस

एक कोडं घालते. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. त्या सगळ्या रक्तात मिळून साखर किती असेल? वाटीभर? मूठभर? उत्तर आहे चार ते पाच ग्रॅम. चहाचा एक चमचा, बस्स. आता पुढचं ऐका. एकटा मेंदूच तासाला साधारण पाच ग्रॅम साखर संपवतो. म्हणजे नवी भर पडली नाही, तर तासाभरात चमचा रिकामा आणि माणूस चक्कर येऊन खाली बसायला हवा.

रमजानमध्ये एखाद्या संध्याकाळी सोलापूरच्या विजापूर वेशीत जाऊन बघा. मीना बाजारात पाय ठेवायला जागा नसते. कलिंगडं कापली जात असतात, कढयांमधून भजी आणि समोसे निघत असतात, खजुरांचे ढीग लागलेले असतात. भजी तळणारा आणि खजूर तोलून देणारा, दोघांनीही पहाटेपासून अन्नाचा कण की पाण्याचा थेंब तोंडात घातलेला नसतो. तरी हात भराभर चालतात. गाडा ढकलला जातो, भावाची घासाघीस होते, सुट्टे पैसे बिनचूक परत मिळतात. ही वजाबाकी मेंदूच करतो ना? मग त्याचा चमचा दर तासाला भरतं कोण?

हेच आज शोधून काढू. त्याआधी रोजा किती तासांचा असतो ते पाहू, कारण पुढचा सगळा हिशेब तासांवर आहे. पूर्वेला पहिलं उजाडायला लागतं, त्याच्या आत सहेरी, म्हणजे पहाटेचं खाणं, उरकायची. सूर्य क्षितिजाखाली गेला, मगरिबची अजान झाली, की रोजा सोडायचा. मधल्या वेळात खाणं नाही आणि पिणंही नाही. सोलापुरात हिवाळ्यातल्या लहान दिवसांत हा काळ साडेबारा तासांच्या आत-बाहेर असतो, जूनमध्ये तो साडेचौदा तासांपर्यंत जातो. फार फरक नाही, कारण आपण विषुववृत्तापासून फार लांब नाही. नॉर्वेतल्या ट्रॉम्सो गावात मात्र मेअखेरीपासून जुलैपर्यंत सूर्य मावळतच नाही! तिथले पुष्कळ रोजेदार अशा वेळी मक्केचं घड्याळ पाळतात.

आणखी एक गंमत. तुमच्या मामाचं घर मुंबईत असेल, तर मार्चमध्ये त्याला फोन करून बघा. सोलापुरात रोजा सुटला, तरी मुंबईत अजून दहा-बारा मिनिटं शिल्लक असतात. सोलापूर मुंबईच्या तीन अंश रेखांश पूर्वेला आहे आणि पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. करा गुणाकार.

रमजान कधी थंडीत येतो, तर कधी भर उन्हाळ्यात. त्याचं कारण चंद्र. चांद्रवर्ष 354 किंवा 355 दिवसांचं, त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. 2018 साली तो मेच्या मध्यावर सुरू झाला होता, 2026 मध्ये फेब्रुवारीत आला. आणि 2030 साली तर एकाच वर्षात दोनदा येईल, एकदा जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरात.

आता शरीरात शिरू. सोलापूरच्या मुलांना नळाच्या पाण्याचं काही सांगायला नको. वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड पाणी येत असलं, की घरात काय करतात? पाणी आलं रे आलं की आधी स्वयंपाकघरातलं पिंप भरायचं, मग अंगणातला हौद. पिंप लहान, पण हाताशी असतं. हौद मोठा, पण तिथून पाणी काढून आणावं लागतं. शरीराची व्यवस्था अगदी अशीच आहे.

समजा कुणी पहाटे साडेचारला ज्वारीची भाकरी, डाळ आणि अंडं खाल्लं. पुढचे चार-पाच तास नळ चालू आहे असं समजा. आतड्यातून साखर हळूहळू रक्तात येत राहते. ही साखर म्हणजे ग्लुकोज. ती वाढली की स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं आणि इन्सुलिन सांगतं, ‘भरून ठेवा!’ यकृत जास्तीच्या ग्लुकोजच्या लांब साखळ्या विणून ठेवतं. या साखळ्यांना म्हणतात ग्लायकोजेन. मोठ्या माणसाच्या यकृतात असं साधारण 100 ग्रॅम ग्लायकोजेन मावतं. हे झालं पिंप.

सकाळी दहाच्या सुमाराला नळ बंद पडतो. रक्तातली साखर किंचित उतरू लागते. आता तेच स्वादुपिंड दुसरं संप्रेरक सोडतं, ग्लुकागॉन. ते यकृताला सांगतं, ‘साखळ्या तोडा, ग्लुकोज बाहेर सोडा!’ म्हणजे चमचा भरणारं कोण, ते कळलं. यकृत! दर तासाला, न चुकता, जेवढं लागेल तेवढंच. निरोगी माणसाची साखर संध्याकाळी मोजली तरी ती सहसा नेहमीच्या पट्ट्यातच असते.

ही गोष्ट माणसाला कळली ती फ्रान्समधल्या क्लोद बर्नार या शास्त्रज्ञामुळे. त्या काळी सगळे मानायचे की प्राण्यांच्या अंगात साखर तयार होतच नाही, ती फक्त खाण्यातून येते. बर्नारने एका कुत्र्याला नुसतं मांस खायला घातलं. मांसात साखर जवळपास नसतेच. तरी यकृतातून बाहेर पडणाऱ्या रक्तात साखर होती! मग 1855 साली त्याने आणखी एक प्रयोग केला. मेलेल्या प्राण्याचं यकृत घेतलं, त्याच्या रक्तवाहिन्यांतून पाण्याची धार सोडली आणि साखरेचा मागमूसही उरणार नाही इतकं ते धुऊन काढलं. ते यकृत तसंच ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी तपासलं. पुन्हा भरपूर साखर! धुतलेल्या यकृतात साखर आली कुठून? आत साखर नव्हती, पण साखर बनवायचा माल होता. दोन वर्षांनी बर्नारने तो माल वेगळा काढून दाखवला. तेच हे ग्लायकोजेन. मला हा प्रयोग फार आवडतो. नळाखाली धरलेलं एक यकृत, आणि त्यातून उलगडलेलं एवढं मोठं रहस्य.

तुमच्या स्नायूंतही ग्लायकोजेन असतं, यकृताच्या चौपट, साधारण 400 ग्रॅम. पण स्नायू ते कुणाला देत नाहीत! ग्लुकोज मोकळं करून रक्तात सोडायला जे विकर लागतं, ते स्नायूंकडे नसतंच. त्यामुळे मांडीतला साठा मांडीने वापरायचा, दंडातला दंडाने. दुपारी यंत्रमागावर टॉवेल विणत उभा असलेला कामगार आपल्या पायांतली साखर मेंदूला पाठवू शकत नाही.

आता जरा पाटी-पेन्सिल घ्या. साठ किलो वजनाचा माणूस नुसता बसून राहिला, तरी तासाला साधारण 60 कॅलरी खर्च करतो. हृदय, फुप्फुसं, मेंदू, मूत्रपिंडं, कुणालाच सुट्टी नसते. चौदा तासांचे झाले 840. त्यात चालणं-फिरणं, काम धरा. आणि यकृताचं पिंप केवढं? 100 ग्रॅम गुणिले चार, म्हणजे 400 कॅलरी. हिशेब जुळत नाही! मेंदूपुरतं ते कसंबसं पुरेल, पण बाकीच्या शरीराचं काय?

बाकीचं शरीर हौदाकडे जातं. हौद म्हणजे चरबी. चरबीच्या एका ग्रॅममध्ये नऊ कॅलरी असतात, साखरेच्या दुप्पट आणि वर थोड्या. सडपातळ माणसाच्या अंगातही दहा किलोच्या आसपास चरबी असते. म्हणजे नव्वद हजार कॅलरी! दुपार कलली, इन्सुलिन खाली गेलं, की चरबीच्या पेशी आपला साठा मोकळा करू लागतात. हृदय आणि स्नायू ती चरबी जाळतात आणि साखर मेंदूसाठी राखून ठेवतात. यकृतही गप्प बसत नाही. चरबीच्या रेणूचा एक तुकडा असतो, ग्लिसरॉल. तो पकडून यकृत त्यापासून नवं ग्लुकोज बनवतं. शिवाय चरबीपासून थोडी कीटोनं तयार होतात. दिवसेंदिवस उपाशी राहावं लागलं तर मेंदू मोठ्या प्रमाणावर कीटोनं वापरायला शिकतो. चौदा तासांच्या रोज्यात मात्र ती वेळ येत नाही, कारण संध्याकाळी खजूर येतो.

इथे एकादशी आठवली असेल. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, तेव्हा उपास तुम्हालाही ठाऊक आहे. पण शरीराच्या दृष्टीने हे दोन उपास फार वेगळे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. सकाळी खिचडी खाल्ली की नळ चालू राहतो, पाणी पिताही येतं. रोज्यात दिवसा नळ पूर्ण बंद आणि रात्री चालू. कोण मोठा, कोण लहान हा प्रश्नच नाही. शरीर मात्र दोन्हींना दोन वेगळी उत्तरं देतं.

तुम्ही विचाराल, कुणाच्या आत डोकावून न बघता हे कसं कळलं, की सकाळी साखर जळते आणि संध्याकाळी चरबी? फार सुंदर प्रश्न. उत्तर श्वासात आहे.

अडीचशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्येच लव्हाझिए आणि लाप्लास या दोघांनी एका गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवलं होतं. 1782-83 चा हिवाळा होता तो. गिनीपिगच्या अंगातल्या उबेने किती बर्फ वितळलं ते त्यांनी मोजलं, त्याच्या श्वासातून किती वायू निघाला तेही मोजलं आणि कोळसा जाळून आलेल्या आकड्यांशी ताडून पाहिलं. त्यांच्या लक्षात आलं, की श्वास घेणं म्हणजे एक सावकाश चाललेलं जळण आहे. ज्वाला नाही, धूर नाही, पण ऑक्सिजन आत जातो, कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो आणि ऊब तयार होते.

आता गंमत बघा. साखरेच्या रेणूत स्वतःचाच भरपूर ऑक्सिजन असतो. त्यामुळे साखर जाळताना ऑक्सिजनचे दहा रेणू आत घेतले, तर कार्बन डायऑक्साइडचे दहा रेणू बाहेर पडतात. दहाला दहा. चरबीत स्वतःचा ऑक्सिजन अगदी कमी. ती जाळायला बाहेरचा ऑक्सिजन जास्त लागतो. म्हणून दहा आत गेले तर बाहेर येतात फक्त सात. माणसाच्या डोक्यावर एक पारदर्शक घुमट ठेवायचा, त्याला शांत पडून राहायला सांगायचं आणि आत-बाहेर जाणारी हवा मोजायची. दहाला दहा आले, तर साखर जळतेय. दहाला सात आले, तर चरबी. आठ-साडेआठ आले, तर दोन्ही. एक थेंब रक्त न काढता!

ट्युनिशिया देशातल्या संशोधकांनी 16 निरोगी स्त्रियांवर हेच केलं आणि 1995 साली ते छापून आलं. रमजानमध्ये दिवसा त्यांच्या शरीरात चरबी जास्त जळत होती, साखर कमी. पण महिनाअखेर त्यांचं वजन तेवढंच राहिलं होतं. आणि ही जळलेली चरबी जाते कुठे, माहीत आहे? पुष्कळांना वाटतं ती घामातून जाते किंवा तिची उष्णता होऊन ती नाहीशी होते. चरबीतला कार्बन नाकातोंडातून बाहेर जातो, कार्बन डायऑक्साइड होऊन! हायड्रोजनचं पाणी होतं. संध्याकाळी विजापूर वेशीतल्या गर्दीत जो उच्छ्वास सोडला जातो, त्यात थोडी थोडी चरबीच हवेत मिसळत असते.

मला ज्या गोष्टीचं सगळ्यात नवल वाटतं, ती आता सांगते. दिवसभर काही खाल्लं नाही, तर शरीर खर्च कमी करत असेल, असं कुणालाही वाटेल. अबुधाबीतल्या संशोधकांनी 29 निरोगी स्वयंसेवकांचा शांत पडून असतानाचा खर्च रमजानमध्ये मोजला आणि रमजान संपल्यावर पुन्हा मोजला. 2018 साली त्याचे निष्कर्ष आले. खर्च जवळजवळ तेवढाच! त्यांच्यातल्या काही जणांच्या हालचालीही नोंदवल्या होत्या. रमजानमध्ये ते कमी पावलं चालले, झोपही कमी झाली, पण चोवीस तासांच्या एकूण खर्चात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. म्हणजे शरीर दिवे मालवून बसत नाही. काम चालू ठेवतं, फक्त कधी पिंपातून घ्यायचं आणि कधी हौदातून, हे बदलतं.

मग वजन का उतरत नाही? उतरतं, पण थोडंच. वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र पाहिले तर सरासरी किलोभर, आणि तेही पुढच्या काही आठवड्यांत बहुतेकांचं परत येतं. कारण सोपं आहे. दिवसाचं खाणं रात्रीत येतं. तळणीचा वास तुम्हाला ठाऊक आहेच.

मोबाइलवर मात्र रमजान आला की वेगळेच संदेश फिरतात. रोज्याने पेशी स्वतःला साफ करतात, अमुक आजार जातो, याला नोबेल मिळालं आहे वगैरे. नोबेल खरं आहे. जपानच्या योशिनोरी ओसुमी यांना ते 2016 साली मिळालं, पेशी आपलेच जुने भाग मोडून पुन्हा वापरतात ते शोधल्याबद्दल. पण त्यांनी ते शोधलं यीस्टच्या पेशींत. तिथून उडी मारून ‘रोज्याने आजार बरा होतो’ म्हणणं विज्ञान नव्हे. लोक रोजा ठेवतात तो श्रद्धेने. त्याला अशा टेकूची गरज नाही, असं मला मनापासून वाटतं.

शाळेत डब्याची सुट्टी झाली की तुम्हाला कडकडून भूक लागते. वर्गातल्या रोजेदार मित्रालाही त्याच वेळी लागते. पण तासाभराने त्याला विचारा. ‘आता नाही एवढी,’ म्हणेल. काही न खाता भूक गेली कशी? जठर घ्रेलिन नावाचं संप्रेरक सोडतं. 1999 साली जपानमध्ये ते सापडलं. रोजची जेवायची वेळ जवळ आली की घ्रेलिन चढतं आणि वेळ टळली की आपोआप उतरतं, तुम्ही खा की खाऊ नका! भूक म्हणजे पोट किती रिकामं आहे याचं मोजमाप नाही. निम्मी भूक तर सवयीच्या वेळेची असते. आणि पोटातली गुडगुड? रिकाम्या आतड्यातून दर दीड-दोन तासांनी आकुंचनाची एक लाट वरून खालपर्यंत जाते आणि उरलंसुरलं पुढे ढकलते. ती गुडगुड म्हणजे झाडलोट आहे.

आता पाणी. भुकेपेक्षा हा भाग अवघड, आणि सोलापुरात तर फारच. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशीच्या वर जातो, कधी कधी 43-44 अंशांपर्यंत. चरबीचा हौद असतो, पाण्याचा हौद शरीरात नसतो. घाम येवो न येवो, श्वासातून आणि कातडीतून पाणी जातच राहतं. मग शरीर वाचवतं कुठे? मूत्रपिंडात. तुमच्या आईच्या दोन मूत्रपिंडांतून दिवसभरात किती पाणी गाळलं जातं, सांगा पाहू. 180 लिटर! त्यातलं लिटर-दीड लिटर सोडून बाकी सगळं रक्तात परत जातं. रक्त एक-दोन टक्क्यांनी जरी घट्ट झालं, तरी मेंदूच्या तळाशी असलेल्या पेशींना ते कळतं. तिथून व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक निघतं आणि मूत्रपिंडांना निरोप जातो, ‘आणखी परत घ्या.’ म्हणून रोजेदाराची लघवी दुपारनंतर थोडी आणि गडद पिवळी होते. थोडी मदत चरबीकडूनही येते. 100 ग्रॅम चरबी जळली की 100 ग्रॅमपेक्षा किंचित जास्त पाणी तयार होतं. रोज्याच्या दिवसात पन्नास-साठ ग्रॅम चरबी जळली असं धरलं, तर अर्धा फुलपात्रही नाही. पण आयतं मिळालं!

घरातल्या मोठ्या बायका सहेरीला लोणचं-पापड पुढे ठेवत नाहीत, त्याचं कारण आता कळेल. मीठ जास्त गेलं की रक्त लवकर घट्ट होतं आणि तहान सकाळीच सुरू होते. शेंगाचटणी आणि कडक भाकरी हे सोलापूरचं वैभव खरं, पण ते रात्रीच्या जेवणात बरं. सहेरीला मऊ भाकरी, डाळ, दही. मंगळवेढ्याच्या ज्वारीची भाकरी मैद्याच्या पावापेक्षा सावकाश पचते. नळ जितका सावकाश वाहील, तितकं पिंप उशिरा उघडावं लागेल.

आता तुमच्याबद्दल. लहान मुलांना रोजा बंधनकारक नाही. आजारी माणसं, प्रवासी, गरोदर बाया, बाळाला पाजणाऱ्या आया, फार थकलेले म्हातारे, या सगळ्यांना धर्मानेच सवलत दिली आहे. शरीराच्या बाजूने पाहिलं तर मुलांच्या सवलतीचं कारण स्वच्छ दिसतं. तुमचं यकृत लहान, म्हणजे पिंप लहान. आणि मेंदू? तो जवळजवळ मोठ्या माणसाएवढा! शिवाय तो वाढतोय, शिकतोय. पाच वर्षांच्या मुलाच्या शरीरात जेवढी ऊर्जा खर्च होते, त्यातली चाळीस टक्क्यांहून जास्त एकटा मेंदू घेतो. पिंप छोटं आणि पिणारा मोठा, म्हणून मुलांची साखर मोठ्यांपेक्षा लवकर उतरते. काही घरांत मुलांचा पहिला रोजा कौतुकाने करतात, हार घालतात, नवे कपडे घेतात. त्या दिवशी मोठ्यांचं लक्ष पोरावरून हलत नाही, आणि ते तसंच हवं. हा लेख वाचून कुणी ‘बघू तरी आपल्याला जमतं का’ असा प्रयोग घरी करू नका.

मधुमेह असलेल्यांचं तर पिंपाचं झाकणच नीट चालत नाही. इन्सुलिन किंवा काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर एकदम खाली येऊ शकते. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने 2016 साली खास रमजानसाठी मार्गदर्शक पुस्तिका काढली, 2021 मध्ये ती सुधारली. रोजा ठेवायचा की नाही, औषधं कशी बदलायची, हे डॉक्टरांना रमजानच्या आधीच विचारायचं, हे त्यात आहे. दिवसा साखर तपासत राहावी, हेही आहे. बोटाला टोचून साखर तपासली तर रोजा मोडत नाही, असं धर्माचे जाणकार सांगतात. साखर फार उतरली तर रोजा तिथेच सोडायचा. आजोबा हट्टी असतील तर हे वाक्य त्यांना वाचून दाखवा.

मगरिब झाली. पहिला हात जातो खजुराकडे. खजुराचा दोन-तृतीयांश भाग साखरेचाच. एका मध्यम खजुरात पाच ग्रॅमच्या आसपास साखर, त्यातही बरीचशी ग्लुकोज, जी पचवावी लागत नाही. म्हणजे सगळ्या रक्तात मिळून जेवढी साखर असते, तेवढी एका खजुरात! दहा-पंधरा मिनिटांत ती रक्तात पोचते. इन्सुलिन जागं होतं, चरबीचा हौद बंद होतो, यकृताचं पिंप पुन्हा भरायला लागतं. ते काही तासांचं काम आहे. पण एक अडचण राहते. संध्याकाळी इन्सुलिनचा प्रभाव सकाळपेक्षा कमी पडतो. तीच थाळी सकाळी खाल्ली तर साखर कमी चढते, रात्री खाल्ली तर जास्त. म्हणून खजूर आणि पाणी घ्यायचं, नमाज पढायची आणि मग सावकाश जेवायचं, ही जुनी रीत शरीराला मानवते. मधल्या वेळात आतड्यांना तयारी करायला सवड मिळते.

असे एकोणतीस किंवा तीस दिवस जातात आणि मग ईद. ईदच्या दिवशी रोजा ठेवायचा नसतो. सकाळी नमाजला निघण्याआधीच खजूर किंवा दुसरं काही गोड खातात, घरी आल्यावर शीरखुर्मा. पण जठराला कॅलेंडर कुठे कळतं! घ्रेलिनने महिनाभरात नव्या वेळा पाठ केलेल्या असतात. ईदनंतरचे काही दिवस पहाटे चारला आपोआप जाग येते, पोटात कावळे ओरडतात आणि दुपारी ताट समोर आलं तरी खायची फारशी इच्छा होत नाही, असं पुष्कळ जण सांगतात. तुमच्या वर्गात कुणी रोजे ठेवले असतील, तर ईदनंतरच्या आठवड्यात रोज डब्याच्या सुट्टीत त्याला विचारा, ‘आज भूक किती?’ शून्य ते दहा असे गुण द्यायला सांगा आणि तारखेपुढे लिहून ठेवा. आठवडाभराचे आकडे आले की त्यांचा आलेख काढा.